आधी कोण? सोलापूरची एकेरी लोहवाट, तारखाते आणि संगणक जाळ्यातील अग्रक्रम

#धागा

पुण्याहून सोलापूरला पॅसेंजर गाडीने जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना एक अनुभव पाठ असे. जेऊर, केम किंवा माढा अशा एखाद्या लहान स्थानकात गाडी थांबे आणि थांबूनच राही. चढणारे-उतरणारे केव्हाच आटोपलेले असत, गार्ड फलाटावर येरझाऱ्या घालीत असे, आणि बऱ्याच वेळाने शेजारच्या रुळावरून एखादी मेल धडधडत निघून जाई. मग कुठे सिग्नल पडे. डब्यातील कोणीतरी ‘क्रॉसिंग होते’ एवढेच म्हणे, आणि विषय तिथे संपे.

आज एखाद्या बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या संगणक जाळ्यात हेच घडत असते, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात. दूरध्वनीवरील आवाजाची पॅकेटे पुढे सोडली जातात आणि रात्रीच्या बॅकअपची पॅकेटे बाजूला उभी केली जातात. या व्यवस्थेला ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे: वाट अरुंद आहे, जाणारे पुष्कळ आहेत, तर आधी कोणी जायचे? आणि थांबायचे कोणी, हे कोणी ठरवायचे?

या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास एकट्या सोलापूर परिसरात उभा करता येतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली ‘जीआयपी’, सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली. त्या वेळी मुंबईशी सलग रेल्वे नव्हती, कारण बोरघाट पूर्ण व्हायचा होता. खंडाळ्याला माल उतरवायचा, घाटातून खाली न्यायचा आणि पुन्हा गाडीत भरायचा. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. १८७१ मध्ये मार्ग रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला आणि सोलापूर मुंबई-मद्रास या दोन महानगरांना जोडणाऱ्या वाटेवर आले.

परंतु या भागातील बरीच वाट एकेरी होती. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा प्राणरक्षणाचा नियम. म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्थानकाला तारेने विचारी, तिकडून ‘लाइन क्लिअर’ आले की मगच गाडी सोडी. रेल्वेला स्वतःच्या तारांचे जाळे रुळांच्या कडेने टाकावे लागले ते यासाठी. एका संस्थेचे, त्या संस्थेच्याच कामासाठी असलेले, बाहेरच्यांना सहसा न दिसणारे संदेशजाळे ते हेच. आजच्या भाषेत ‘एंटरप्राइज नेटवर्क’.

पुढे भारतातील अनेक एकेरी मार्गांवर टोकन आले. यंत्रातून निघणारा धातूचा गोळा चालकाच्या हाती असल्याशिवाय गाडी त्या तुकड्यात शिरू शकत नसे, आणि एका तुकड्याचा एकच गोळा एका वेळी बाहेर येई. अमुक गाडी महत्त्वाची आहे म्हणून दोन गोळे निघत नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक जोडणाऱ्यांनी ‘टोकन रिंग’ नावाचे जाळे बनवले, त्यातही ज्याच्याकडे टोकन त्यानेच बोलायचे असा नियम होता. दोन्ही क्षेत्रांना एकाच अडचणीने एकाच उपायाकडे नेले.

एकेरी वाटेचे एक गणित मात्र नीट समजून घ्यायला हवे. अशा वाटेवरून दिवसात किती गाड्या जातील हे इंजिनाच्या वेगावर फारसे ठरत नाही. दोन स्थानकांतील सर्वांत लांब तुकडा किती मोठा आणि गाड्या बाजूला घ्यायला लूप लाइनी किती, यावर ते ठरते. शिवाय भरून गेलेली वाघीण रिकामी होऊन परत यावी लागते आणि परत येताना तीही तेवढीच वाट अडवते. एका दिशेच्या गर्दीचा हिशेब करताना परतीचा हिशेब विसरला की सगळे वेळापत्रक कोसळते.

हे गणित १८७६ साली माणसांच्या जिवावर आले.

त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. सोलापूर हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. खरीप गेले, रब्बीची आशा गेली, ज्वारीचे भाव चढत गेले. पूर्वीच्या दुष्काळांहून या दुष्काळात एक गोष्ट वेगळी होती: जिल्ह्याच्या मधून आगगाडी जात होती. इतर प्रांतांत धान्य होते आणि ते इथवर आणण्याचे साधनही होते.

धान्य आलेही. रेल्वेने या काळात मोठ्या प्रमाणावर धान्य वाहिले आणि ती नसती तर स्थिती याहून भयंकर झाली असती, हे मान्य करायलाच हवे. पण हाच मार्ग पुढे रायचूरकडे जात होता आणि बळ्ळारीपासून मद्रास इलाख्यापर्यंतचा मुलूखही उपाशी होता. सोलापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसासमोरून दुसऱ्या उपाशी माणसांचे धान्य जात होते. वाट तीच, तीही अनेक ठिकाणी एकेरी.

मग आधी कोणाची वाघीण? मुंबई सरकारचे धोरण असे की धान्याचा व्यापार खासगी व्यापाऱ्यांनी करावा, सरकारने दुष्काळी कामे काढून लोकांच्या हाती मजुरी द्यावी आणि बाजारात हात घालू नये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचाही मुक्त व्यापारावर गाढ विश्वास; त्यांच्या सरकारने देशाबाहेर जाणाऱ्या धान्यालाही बंदी घातली नाही. अशा धोरणात गरजेप्रमाणे अग्रक्रम ठरवणारी कोणतीही यादी नसते. व्यापारी जिथे भाव अधिक तिथे धान्य पाठवतो. भाव कुठे किती हे त्याला तारेने कळते. म्हणजे धान्याची दिशा भुकेने ठरत नाही, भूक आणि खिसा या दोहोंनी मिळून ठरते. आणि ज्या गावात खिसाच रिकामा, तिथली भूक या यंत्रणेला ऐकू येत नाही.

‘आम्ही कोणालाच अग्रक्रम दिला नाही’ असे म्हणणारी व्यवस्थाही अग्रक्रम देतच असते. १८७६-७८ च्या दुष्काळाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. तेव्हाचे अधिकारी सगळेच निर्दय होते असे नव्हे. त्यांच्यातले पुष्कळ प्रामाणिकपणे मानत होते की नियम न करणे हाच सर्वांत न्याय्य नियम. या मतावर आजही वाद घालणारे भेटतील.

जानेवारी १८७७ मध्ये लिटनचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दक्षिणेत आले. खर्च कमी करण्यासाठी दुष्काळी कामांवरील मजुरी कापून माणशी दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. खडी फोडणाऱ्या, तलावाची माती वाहणाऱ्या माणसाला एवढ्यावर दिवस काढायचा होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. मजुरांनीही अनेक कामे सोडली. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

स्थानकापर्यंत आलेले धान्य गावापर्यंत नेण्याचा प्रश्न तर वेगळाच. रेल्वे संपते तिथून बैलगाडी सुरू होते आणि बैल चाऱ्यावाचून मरत होते. मुख्य मार्ग कितीही वेगवान असला तरी शेवटच्या चार कोसांवर सगळे अडते. जाळी बांधणारे लोक याला ‘शेवटचा मैल’ म्हणतात.

जनगणनेचे आकडे पाहा. १८७२ मध्ये सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १९ हजार होती. १८८१ मध्ये ती सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. यातील सगळे मेले असे नाही, अनेक जण मुलूख सोडून गेले. पण नऊ वर्षांत जवळपास प्रत्येक पाचवा माणूस कमी झाला.

त्याच १८७७ साली सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांची कापड गिरणी, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली, सुरू झाली. त्याच वाटेवरून आता कापूस, सूत आणि यंत्रांचे सुटे भाग येऊ-जाऊ लागले.

दुसरा धडा कुर्डुवाडीचा. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेला मिळे. पुढे तिचे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. मोठ्या रुळावरचा डबा लहान रुळावर चालत नाही, म्हणून मालाचे प्रत्येक पोते कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. रुंद वाट अरुंद वाटेला मिळते तिथे ढीग साचणारच. गोदाम मोठे बांधले तर ढीग मोठा होतो आणि माल अधिक दिवस पडून राहतो, एवढाच फरक.

अमेरिकेतील जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये संगणक जाळ्यांबद्दल लिहिलेल्या एका प्रसिद्ध टिपणात हाच मुद्दा मांडला आहे. पॅकेटे साठवायला अमर्याद जागा दिली तरी जाळे कोलमडेल, कारण रांगेत फार वेळ थांबलेले पॅकेट बाहेर पडेपर्यंत निरुपयोगी झालेले असते. उपाय म्हणून त्यांनी सुचवले की प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करावी आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक सोडावे, म्हणजे दांडगाई करणाऱ्याला दांडगाईचा फायदा होणार नाही. नेगल यांना कुर्डुवाडी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कुर्डुवाडीच्या हमालांना मात्र हे टिपण वाचून आश्चर्य वाटले नसते.

आता तारखात्याकडे वळू, कारण ‘अग्रक्रम’ या कल्पनेचे लेखी नियम तिथे तयार झाले.

१८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय तार करार झाला. त्यात तारांचे तीन वर्ग केले होते: सरकारी, तारखात्याच्या स्वतःच्या कामकाजाच्या आणि खासगी. सरकारी तारेला इतरांच्या आधी जाण्याचा हक्क होता. भारतात खासगी तारांतही प्रतवारी आली. अर्जंट तारेचा दर साध्या तारेच्या दुप्पट आणि डिफर्ड तारेचा निम्मा. घाई असेल तर जास्त पैसे मोजावेत, नसेल तर वाट मोकळी होईपर्यंत थांबावे. विसाव्या शतकात सामान्यांच्या ओळखीचे दोन वर्ग राहिले, ‘एक्सप्रेस’ आणि ‘ऑर्डिनरी’. या सगळ्यांच्या वर सरकारी उतरंड होती आणि तिच्या माथ्यावर ‘क्लिअर द लाइन’ हा शेरा. तो शेरा असलेली तार आली की बाकी सर्व संदेश थांबत.

सोलापूरच्या कापूस आणि सूत बाजारात या वर्गांना रोख किंमत होती. मुंबईचा भाव अर्ध्या तासाने आधी कळणे म्हणजे सौद्यात आघाडी. लग्नाच्या शुभेच्छा मागाहून पोहोचल्या तरी चालते. पण साध्या तारेने कळवलेला आजार आणि एक्सप्रेस तारेने कळवलेला भाव एकाच यंत्रावर आले, तर नियम आजाराला मागे ठेवत होता. तार बाबूला मजकूर वाचता येत होता, तरी रांग शेऱ्यावरून लागे.

१८८५ च्या इंडियन टेलिग्राफ ॲक्टने आणखी एक पायरी गाठली. त्यातील पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत तारयंत्रणा ताब्यात घेण्याचा, संदेश अडवण्याचा आणि रोखून धरण्याचा अधिकार सरकारला दिला. मागे ठेवणे आणि पुढे जाऊच न देणे, यांतील अंतर कायद्याच्या एका वाक्याने मिटवता येते.

सोलापूरला या अंतराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरावर इंग्रजी सत्तेचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

त्या आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्याचा संदेश आणि एखाद्या विणकर कुटुंबाने मुंबईतील नातलगाला पाठवलेला ‘सुखरूप’ हा संदेश, दोन्ही एकाच प्रकारच्या तारेवरून जाणार होते. नियमाप्रमाणे पहिला आधी आणि दुसरा नंतर, तोही कोणी अडवला नाही तर. अग्रक्रमाची यादी एरवी कारकुनी वाटते. ती कोणी केली आहे हे अशा वेळी दिसते.

स्वातंत्र्यानंतर ट्रंक कॉलचा काळ आला. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सर्वांत महाग लाइटनिंग, असे तिथेही वर्ग होते. ऑर्डिनरी कॉल नोंदवून तासन्‌तास दूरध्वनीशेजारी बसलेली माणसे आजही घरोघरी भेटतील. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. ती हळूहळू पसरली तसे हे वर्ग विस्मरणात गेले.

वर्ग विस्मरणात गेले, पण कल्पना दुसऱ्या दाराने परत आली.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटच्या मूळ नियमांपैकी एक, इंटरनेट प्रोटोकॉल, प्रसिद्ध झाला. अमेरिकी संरक्षण खात्यासाठी तो तयार केला होता. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर तीन बिटांची एक जागा राखून ठेवली होती, अग्रक्रमासाठी. त्यातील पायऱ्यांची नावे अशी: रुटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड आणि त्यांच्यावर आणखी दोन-तीन. ही सरळसरळ लष्करी तारांवरील शेऱ्यांची उतरंड आहे. तारयंत्र गेले, पण शेरा पॅकेटवर चिकटून राहिला.

सुरुवातीची अनेक वर्षे या बिटांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील, जेमतेम चारशे यार्ड अंतराच्या मार्गाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. कोंडी झाली की पॅकेटे हरवत. हरवली की संगणक ती पुन्हा पाठवत. त्यामुळे कोंडी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी यावर शोधलेला उपाय सौजन्याचा होता: पॅकेट हरवले तर वाटेत गर्दी आहे असे समजून प्रत्येकाने आपला वेग स्वतःहून कमी करावा. इंटरनेट आजही बऱ्याच अंशी या सौजन्यावर चालते.

सौजन्य पुरेना ते आवाज आणि चित्र आल्यावर. फाइल दोन सेकंद उशिरा आली तरी कोणाचे बिघडत नाही. बोलण्यात मात्र एका दिशेचा उशीर सेकंदाच्या सुमारे दीडशे हजारांशाहून वाढला की दोन्ही बाजू एकमेकांवर बोलू लागतात. १९९८ मध्ये ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’ ही पद्धत आली. तीन बिटांच्या जागी सहा बिट झाले, म्हणजे एकूण चौसष्ट शेरे शक्य झाले. वाटेतील प्रत्येक राउटरने शेरा पाहून पॅकेट योग्य त्या रांगेत टाकायचे. आवाजाच्या पॅकेटांना सहसा ४६ क्रमांकाचा शेरा मिळतो.

कोणत्याही संस्थेच्या जाळ्यात आज हे काम साधारण असे चालते. आधी वाहतूक ओळखायची: हा आवाज, ही व्यवहाराची नोंद, ही ई-मेल, हा बॅकअप. मग शेरा मारायचा. मग रांगा लावायच्या. एक रांग पूर्ण अग्रक्रमाची, बाकीच्यांना ठरावीक वाटा. जो ठरलेल्या मर्यादेबाहेर पाठवतो त्याचे जादा पॅकेट टाकून द्यायचे, किंवा त्याचा प्रवाह रोखून सावकाश सोडायचा. त्यासाठी ‘टोकन बकेट’ नावाची युक्ती वापरतात: भांड्यात ठरावीक गतीने टोकने पडत राहतात आणि टोकन असेल तरच पॅकेट पुढे जाते. शांत वेळी साठलेली टोकने गर्दीच्या क्षणी वापरता येतात.

पंढरपूर पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. पददर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. पायांवर डोके टेकवायचे तर कित्येक तास उभे राहावे लागते. दुरून मुखदर्शन घेऊन निघायचे तर लवकर सुटका. प्रत्येक रांगेत वेगळी सेवा, आणि रांग निवडणारा भाविक स्वतः. अलीकडच्या वर्षांत आषाढीच्या काळात व्हीआयपी दर्शन बंद ठेवले जाते, तेव्हा गर्दीच्या परमोच्च क्षणी अग्रक्रमाची रांगच मिटवण्याचा निर्णय घेतलेला असतो. संगणक जाळ्यात इतके धाडस क्वचितच कोणी करील.

शेरा कोण मारणार, हा यातला खरा झगडा. प्रत्येक संगणकाला स्वतःच्या पॅकेटवर हवा तो शेरा मारू दिला तर सगळेच ४६ लिहितील. म्हणून जाळ्याच्या सीमेवर एक रेषा आखतात. रेषेबाहेरून आलेले शेरे पुसले जातात आणि संस्थेचे यंत्र नवे मारते. कोणत्या विभागाचे काम ‘महत्त्वाचे’ हे इंजिनिअर ठरवत नाही. ती यादी वरच्या बैठकीतून येते. लेखा विभाग म्हणतो व्यवहार आधी, व्यवस्थापन म्हणते व्हिडिओ बैठक आधी. भांडार विभागाचे म्हणणे मांडायला सहसा कोणी नसते.

पूर्ण अग्रक्रमाच्या रांगेत एक धोका असतो. ती रिकामी होईपर्यंत राउटर दुसऱ्या रांगेकडे पाहतच नाही. ती कधी रिकामीच झाली नाही, तर खालच्या रांगेतील पॅकेटे थांबून थांबून टाकून दिली जातात. संगणकशास्त्रात या अवस्थेला ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे उपासमार. ती टाळण्यासाठी अग्रक्रमाच्या रांगेवर कमाल मर्यादा घालण्याची शिफारस केली जाते. साधारणपणे एकूण क्षमतेच्या एक-तृतीयांशाहून अधिक तिला देऊ नये असे मानतात. आणि सर्वांत खालच्या रांगेलाही एक किमान वाटा लिहून द्यावा लागतो. न लिहिता तो मिळत नाही, हे अनुभवाने कळले आहे.

संस्थेच्या आत हे सगळे तिचे खासगी काम. सार्वजनिक जाळ्यावर हाच प्रश्न राजकीय होतो. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे स्वीकारली. कंपनीने पैसे घेऊन कोणाची पॅकेटे पुढे सोडू नयेत, हा त्याचा गाभा. अर्जंट तारेचे दुप्पट दर सर्रास मान्य असलेल्या देशाने सव्वाशे वर्षांनी घेतलेली ही भूमिका आहे. तरीही सरकारच्या अग्रक्रमाचा धागा तुटलेला नाही. १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सार्वजनिक आणीबाणीत मदतकार्य करणाऱ्यांचे संदेश आधी पोहोचवण्याची तरतूद आहे, आणि त्याच कलमात संदेश रोखण्याचा अधिकारही.

काही अभियंते म्हणतात, रांगांचे हे शास्त्र सोडा आणि वाट रुंद करा. क्षमता भरपूर असेल तर अग्रक्रमाची गरजच काय? युक्तिवाद अर्धा खरा आहे. क्षमता वाढवणे पुष्कळदा स्वस्त पडते आणि त्यात कोणाला मागे ठेवावे लागत नाही. पण वाट रुंद झाली की तिच्यावर धावणारेही बदलतात.

सोलापूरच्या वाटेला रुंद व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. दौंड-कुर्डुवाडी दरम्यानचा भिगवण-वाशिंबे हा अखेरचा एकेरी तुकडा २०२२ मध्ये दुहेरी झाला आणि मार्गाचे विद्युतीकरणही झाले. क्रॉसिंगसाठी थांबण्याचे कारण संपले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. ती कुर्डुवाडीला क्षणभर थांबते आणि निघते. तिच्यापुढे चाललेली मालगाडी त्याआधीच कुठल्यातरी लूप लाइनवर उभी केलेली असते.